चुना न लावलेले डबे

फाटकावर काठी दोनदा वाजवायची आणि थांबायचं. कुत्रा आला की आधी त्याच्याशी बोलायचं, मग माणसांशी.

उजव्या खिशात कडक टोस्टचे तुकडे, कुत्र्यांसाठी. डाव्या खिशात मनुका, स्वतःसाठी. मनुका खाताना एखादी खाली पडली तर वाकून शोधायची. गुडघा दुखत असला तरी.

कुत्र्यांना मालकाच्या आडनावानं हाक मारायची. "काय मार्गारिती, झोप झाली का?" आतून मार्गारिती ओरडायचे, "झाली!" आणि बाहेर त्यांचा कुत्रा शेपूट हलवायचा.

आकडे तळहातावर लिहायचे. वही खिशात असली तरी.

कॉफी उभ्यानंच प्यायची.

रस्त्यानं खाली बघत चालायचं. "बार्बा, एक दिवस खांबाला धडकाल," असं मी म्हणायचे. "कुत्र्याच्या तोंडात जाणारं सगळं खालीच असतं, पोरी. वर फक्त आभाळ आहे."

बार्बा झान्निस, म्हणजे झान्निसकाका, यांच्या एवढ्याच सवयी मला आत्ता आठवतात. त्यांना जाऊन त्रेचाळीस दिवस झाले. मी साहित्य शिकले आहे. यानिनाच्या विद्यापीठात चार वर्षं मरणावरच्या कविता वाचल्या, परीक्षेत त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. त्यातलं एकही वाक्य या सहा आठवड्यांत कामाला आलं नाही. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते.

एकतीस वर्षं त्यांनी आमच्या लागाडी गावातले पाण्याचे मीटर वाचले. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या डोंगरात आहे हे गाव. अडतीस अंगणं. मीटर अंगणात, भिंतीच्या बुडाशी, लोखंडी झाकणाखाली असतो. आणि त्या झाकणावर प्रत्येक बाईनं एक तरी झाड ठेवलेलंच असतं. कुंडीत नाही. तेलाच्या किंवा चीजच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. बार्बा डबा उचलायचे, आकडा बघायचे, डबा जागेवर ठेवायचे. असं एकतीस वर्षं. गावातलं प्रत्येक झाड त्यांनी शेकडो वेळा हातात धरलं असेल, पण एकाचंही नाव त्यांना सांगता आलं नसतं. कुत्र्यांची मात्र अख्खी वंशावळ तोंडपाठ.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी कुत्री पाळली. दालचिनीच्या रंगाची, म्हणून तिचं नाव कानेला. तिला चार पिल्लं झाली. तीन पिल्लं नातेवाइकांबरोबर बोटीनं पिरेयसला गेली. एक गावात राहिलं, वरच्या गल्लीतल्या मोस्खूलाकडे. तिला सगळे थिया म्हणतात, मावशीसारखं. ती बार्बांच्याच वयाची, विधवा, आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. पिल्लाचं नाव तिनं पाशा ठेवलं.

पिल्लू देताना बार्बांनी अट घातली होती. साखळी नाही.

"साखळी नाही?" थिया म्हणाली. "आमच्या घरात चाळीस वर्षं कुत्रा साखळीला असतो. मोकळा सोडून काय करू? बैठकीत पाहुणा म्हणून बसवू?"

"बसव की. दुसरं कोण येतंय तुझ्याकडे?"

तिनं पिल्लू त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि फाटक लावून टाकलं. पण साखळी काढली. भिंतीतली कडीसुद्धा उपटून काढली.

एक जानेवारीला आमच्याकडे दारावर रानकांदा टांगतात. डोंगरातून उपटून आणलेला, दोन मुठींएवढा कांदा, पानांसकट. माती नाही, पाणी नाही, तरी त्याला पालवी फुटत राहते. तशी घराला वर्षभर बरकत. नवा टांगला की जुना काढून लांब भिरकावायचा. गेल्या एक जानेवारीला बार्बांनीही तेच केलं. जुना कांदा परसात भिरकावला.

वरून तो वाळला होता. आतून ओला होता. कानेलाला खेळायला चेंडू मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. सगळी गल्ली जमली. सगळ्यांनी एकच सांगितलं, दूध पाजा, वरून तेल द्या. आमच्याकडे विषावर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. दूध माझ्या आईनंच कोमट करून आणलं. दोन तास आम्ही तिच्याभोवती बसून राहिलो. मग तिचे पाय थरथरायला लागले. तेव्हा कुठं बार्बांनी फोन उचलला.

आमची बेकरी आहे. पावाची गाडी मी चालवते. बार्बा मागे रिकाम्या ट्रेंच्या मध्ये बसले, कानेलाला मांडीवर घेऊन. बंदरापर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. शेवटच्या वळणाच्या आधी ते म्हणाले, "आता हळू चालव. घाई नाही."

जनावरांची डॉक्टर दानाई दारातच उभी होती. बार्बांनी खिशातून चावलेला कांदा काढून टेबलावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"हा हृदयावर जातो," ती म्हणाली.

"दोन तास आधी आलो असतो तर?"

"बार्बा, नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे हो."



परत येताना ते पुढे बसले. गावात शिरताना एवढंच बोलले. "मीच उपटून आणला. मीच फेकला. दूधही मीच पाजलं." घरी पोचल्यावर त्यांनी दारावरचा नवा कांदा उतरवला, आठवडाभर जाळीच्या कपाटात ठेवला आणि मग एका सकाळी डोंगरात नेऊन परत पुरला.

त्याच सकाळी ते बेकरीत आले. हातात बटाट्यांची गोणी. गल्ल्यासमोरच्या फळीवर त्यांनी ती उपडी केली. पानं, फांद्या, देठ.

"हे काय, बार्बा?"

"मोस्खूलाचं अंगण. भिंतीवरून हात घालून तोडलं. तू शिकलेली आहेस. यातलं काय काय पाशाला मारेल ते सांग."

"मी साहित्य शिकले."

"मग वाचता येत असेल."

आई भट्टीपासून ओरडली, "झान्नी, पावांवर माती पडतेय!"

"पडू दे. माती नाही मारत."

आम्ही दानाईला फोन लावला. मी एकेका पानाचा फोटो काढून पाठवत होते, ती पलीकडून सांगत होती. बार्बा तळहातावर लिहीत होते. तळहात भरला, मग मनगट, मग बाही वर सरकवली. कण्हेर, वाईट. पान, फांदी, फूल, डब्याखालच्या बशीत साठलेलं पाणीसुद्धा. डिफेनबेकिया, तोंड सुजतं. घाणेरीची फळं, वाईट. आयव्ही, कोरफड, सायक्लामेनचा कंद, नर्गिसाचा कंद, हेही वाईट. जाई चालेल. गुलाब चालेल, काटे सांभाळा. सब्जा, रोझमेरी, खुशाल खाऊ द्या. लिंबाच्या पानांनी पोट बिघडतं.

"ऐकलंस?" बार्बा म्हणाले. माझं नाव लेमोन्या. अर्थ लिंबाचं झाड. "तूसुद्धा यादीत आहेस."

त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

शेवटचं पान कंगव्यासारखं होतं, कडक, टोकेरी. दानाईनं दुसरा फोटो मागितला. मग म्हणाली, "सायकस. हे कोणाच्या घरी आहे? याचा छोटासा तुकडाही यकृत घालवतो. बुडाशी बटाट्यासारखी पिल्लं फुटतात, कुत्र्यांना ती फार आवडतात. हे झाड आणि कुत्रा एका अंगणात नकोत."

बार्बांनी ते तळहातावर लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. ते झाड थियाच्या नवऱ्यानं मुलीच्या लग्नाच्या वर्षी लावलं होतं. आणि पाशा त्याच झाडाच्या सावलीत झोपायचा. साखळी असती तर त्याचं तोंड तिथवर पोचलं नसतं. साखळी बार्बांनी काढायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटरची जुनी काठी बाहेर काढली, लाल रंगाचा एक डबा आणि दोन बोटं रुंद ब्रश घेतला. प्रत्येक अंगणात जायचं. जे झाड पोट बिघडवतं त्याच्या डब्यावर एक लाल पट्टा. जे जीव घेतं त्याच्यावर दोन. चिठ्ठ्या चिकटवाव्यात असं मी सुचवलं होतं, सुरेख अक्षरात नावं लिहून. ते म्हणाले, "इथं अर्ध्या बायका चष्मा देवघरात विसरतात. लाल रंग विसरत नाहीत."

फाटकात उभं राहून ते तीन गोष्टी सांगायचे आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचे. दूध नाही. तेल नाही. चावलेला तुकडा पिशवीत, आणि आधी फोन.

बायकांना आयतीच करमणूक मिळाली. चर्चमध्ये पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली की मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटायचं, "दूध नाही, तेल नाही." आणि रांगच्या रांग खांदे हलवत हसायची.

थियाच्या फाटकावर मी त्यांच्याबरोबर होते. पाशा उड्या मारत आला. कानेलासारखाच, फक्त पांढरा आणि तिप्पट जाड.

"आलास?" थिया पायरीवरून म्हणाली. "पाण्याचे मीटर संपले, आता माझ्या झाडांचे वाचणार?"

"तुझ्या अंगणात कण्हेरीच अकरा आहेत, मोस्खूला."

"मग? मोजायला तुझ्या बापाच्या आहेत? चाळीस वर्षं आहेत त्या. आमचा एक कुत्रा मेला नाही."

"तुझे कुत्रे साखळीला होते."

"आणि साखळी कोणी काढायला लावली?"

 पाशा बार्बांचा उजवा खिसा हुंगत होता. थियानं त्यांच्याकडे बघितलं. मग नजर वळवली.

"पट्टे मार," ती म्हणाली. "पण सायकसला हात लावायचा नाही. तो माझ्या मानोलिसचा आहे."

"तो गच्चीवर ने. मी उचलतो."

"तुझा गुडघा जिना चढत नाही आणि झाड उचलतोय. पट्टे मार म्हटलं ना. दोनाच्या जागी तीन मार, पण झाड हलणार नाही."

त्यांनी तीन मारले.

फेब्रुवारी संपेपर्यंत अडतीस अंगणं झाली. गोगलगायी मारायला बायका वाफ्यात निळे विषारी दाणे टाकतात, ते त्यांनी सगळ्यांना उंच फळीवर ठेवायला लावले. दाण्यांचं नाव काढलं की दानाईचा आवाज बदलायचा, म्हणून. वेशीपासून चर्चपर्यंत चालत गेलं की भिंतींच्या बुडाशी लाल पट्टेच पट्टे दिसायचे. बार्बा खाली बघत चालायचे आणि समाधानानं नाक ओढायचे.

मग ईस्टरच्या आधीचा आठवडा आला.

त्या आठवड्यात आमचं गाव काय करतं, हे मला ठाऊक नव्हतं का? माझा जन्म इथला. त्यांचाही. सोमवार ते बुधवार प्रत्येक बाई बादलीत चुना कालवते. पायऱ्या, भिंतींची बुडं, झाडांची खोडं, फरशीच्या फटी. आणि डबे. सगळ्यात आधी डबे. गुरुवारी अंडी लाल रंगवायची असतात, त्याच्या आत सगळं पांढरं झालं पाहिजे.

आम्हा दोघांच्याही हे एकदाही डोक्यात आलं नाही.

बुधवारी दुपारी मी पाव पोचवून परत येत होते. बार्बा गल्लीच्या मध्यावर उभे होते, काठी टेकून. खालपासून वरपर्यंत सगळं पांढरं. एकही पट्टा नाही. कुठल्याशा अंगणातून थियाच्या ब्रशचा आवाज येत होता, चपक चपक.

ते पायरीवर बसले. चुना ओला होता. त्यांच्या पँटला पांढरा ठसा उमटला.

"तीन महिने," ते म्हणाले.

"बार्बा, सण झाला की परत मारू."

"आणि पुढच्या वर्षी परत पुसतील. चुन्यापुढे काय टिकतं इथं?"

मी त्यांच्याशेजारी बसले. माझ्याही कपड्यांना ठसा उमटला. कोणीतरी आम्हाला बघून आतून ओरडलं, "अरे देवा, माझी पायरी!"

शनिवारी सकाळी साडेनऊला बेकरीत गर्दी होती. ईस्टरच्या गोड पावासाठी रांग लागली होती. थिया दारातून आत शिरली, रांग मोडून. पायात सपाता. कडेवर पाशा. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बटाट्यासारखं काहीतरी, अर्धं चावलेलं.

चुना लावायला तिनं सायकसचा डबा हलवला होता. हलवलाच आहे तर साफ करू म्हणून बुडाची पिल्लं कापून काढली होती. ती ढिगात पडून राहिली.

माझी आई सवयीनं म्हणाली, "दूध देऊ?"

"दूध नाही!" थिया ओरडली. "तेल नाही! दानाईला फोन केलाय. लेमोन्या, गाडी!"

रांगेत कोणी हसलं नाही.

बार्बा वाटेत भेटले. गाडी थांबवली. ते काही न विचारता मागे चढले, ट्रेंच्या मध्ये, त्याच जागी. थिया त्यांच्यासमोर बसली. आरशात मला दोघांची डोकी दिसत होती.

"झान्नी, ओरड माझ्यावर," थिया म्हणाली.

"किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं. वीस. ओरड ना."

"तुकडा दाखव."

तिनं पिशवी उघडली. त्यांनी तुकडा बोटांनी मापला.

"अर्धाच गेलाय. बाकीचा इथं आहे. छान केलंस."

"छान काय केलं, मेल्या? मीच कापला तो! तू तीन पट्टे मारले होतेस आणि मीच त्यांच्यावर चुना मारला!"

"तुकडा पिशवीत घातलास ना," बार्बा म्हणाले. "मी तर कांदा ओळखायला दोन तास लावले."

 शेवटच्या वळणाला मी आरशात बघितलं. बार्बांचा हात पाशाच्या बरगड्यांवर होता. ते ठोके मोजत होते. ओठ हलत होते.

"लेमोन्या," ते म्हणाले, "आता हळू चालवू नकोस."

दानाईनं पाशाला ओकायला लावलं, कोळशाचं औषध दिलं, सलाइन लावलं. रक्त तपासलं. तीन दिवस ठेवून घेतलं. रविवारी, सणाच्या दिवशी, दोघं म्हातारे तिच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, रुमालात लाल अंडी बांधून आणलेली. मंगळवारी रक्ताचा तिसरा निकाल आला. यकृत शाबूत होतं. पाशानं पहिल्यांदा काही खाल्लं, ते बार्बांच्या उजव्या खिशातलं.

गाडीत परतताना थियानं सणाच्या रिवाजानं आपलं लाल अंडं बार्बांच्या अंड्यावर आपटलं. त्यांचं फुटलं. तिचं शाबूत.

"सायकस गच्चीवर जाईल," ती म्हणाली. "मानोलिस समजून घेईल. नाही घेतलं तर वर गेल्यावर भांडीन. पण तुझे ते पट्टे पुन्हा नकोत मला. लाल रंग अंड्यांना शोभतो."

"मग कळणार कसं? चुना सगळं झाकतो."

"मग झाकू नका ना." ती अंडं सोलत होती. "ज्यात विष आहे त्या डब्याला चुना लावायचाच नाही. नुसता पत्रा दिसला की कळेल. पांढरं ते चांगलं. उघडं ते लांब. यात काय मोठं डोकं लागतं? एकतीस वर्षं पाणी मोजून मेंदू भिजला तुझा."

बार्बांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही हे तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. चुना पुसून जाणार नव्हता, थांबणार नव्हता. त्याला आपल्या बाजूनं वळवायचं होतं. आणि दरवर्षी प्रत्येक बाई स्वतःच्या हातानं ठरवणार होती, कुठल्या डब्याला ब्रश लावायचा आणि कुठल्या नाही. म्हणजे दरवर्षी तिला आठवावं लागणार होतं.

पण त्या वर्षीचा चुना आधीच लागला होता. तो काढायला हवा होता. ते काम बार्बांनी घेतलं. एक बोथट चाकू, एक तारेचा ब्रश. मे महिन्यापासून ते अंगणाअंगणांत बसायचे आणि डबे खरवडायचे. रोज चार, कधी पाच. पांढऱ्याखालून जुनी चित्रं बाहेर यायची. ऑलिव्हची फांदी, मेंढी, पवनचक्की, मिशीवाला शेतकरी. बायका शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "अगंबाई, हा डबा माझ्या सासूच्या वेळचा."

ऑगस्टमध्ये मार्गारितींची अथेन्सची नातवंडं सुट्टीला आली, त्यांचं पिल्लू घेऊन. पहिल्याच दिवशी पाच वर्षांची नात अंगणात त्याला दटावत होती, "तो उघडा आहे, तिकडे नाही जायचं." तिला हे कोणी शिकवलं, ते घरात कोणालाच सांगता येईना. मी बार्बांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

सदतीस अंगणं जुलैतच झाली होती. अडतिसावं थियाचं. तिच्या कण्हेरींभोवती तिनं आधीच जाळी ठोकली होती, त्यामुळे पाशाची काळजी नव्हती. तिथं मात्र बार्बा आठवड्याला एकच डबा खरवडायचे. गुरुवारी. मी एकदा विचारलं.

"तिचा चुना जाड आहे," ते म्हणाले.

थियाला विचारलं. "त्याचा हात चालत नाही आता," ती म्हणाली. "आणि कॉफीला वेळ लागतो."

त्या घरात त्यांनी कॉफी बसून प्यायली. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांच्यासाठी तिनं जाळीशेजारी खुर्ची ठेवली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी अकरावा डबा होता. शेवटचा. मी पाव द्यायला गेले तेव्हा ते खुर्चीवर वाकून खरवडत होते आणि पाशा त्यांच्या पायांवर झोपला होता.

"आज संपणार तर," मी म्हटलं.

"आज नाही," थिया आतून म्हणाली. "त्याला जेवायला जायचंय. उरलेला पुढच्या गुरुवारी."

"ऐकलंस?" बार्बा म्हणाले. "मालकीण रजा देतेय." त्यांनी चाकू डब्यातल्या मातीत खोचला, हात धुतले, पाशाला म्हणाले, "येतो रे," आणि उतारावरून खाली बघत निघून गेले.

घरी जेवले. दुपारी आडवे झाले. संध्याकाळी कॉफीला आले नाहीत.

चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं उकडलेले गहू वाटतात, कागदी पिशव्यांतून. गहू, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे, मनुका. लोक पिशव्या चर्चच्या आवारात उघडतात, थोडं सांडतं, आणि गावातले कुत्रे तिथंच घुटमळत असतात. यंदा गहू थियानं शिजवले. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनंच हक्कानं घेतलं. मी पिशवी उघडली. गहू, बदाम, डाळिंब. मनुका नव्हत्या.

"विसरलीस की काय, मोस्खूला?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"तुम्ही ज्याच्यासाठी प्रार्थना केलीत ना, बाबा, तो पडलेली मनुकासुद्धा वाकून वेचायचा, कुत्र्याला बाधते म्हणून," ती म्हणाली. "खाली बघा जरा."

खाली पाशा होता. मार्गारितींचा कुत्रा होता. आणखी तीन होते. सांडलेले गहू टिपत होते. कोणी त्यांना हाकललं नाही.

शुक्रवारी मी बार्बांसाठी ठेवायचे तसे अजूनही पावाचे कडक तुकडे भट्टीत ठेवते, त्यांच्या उजव्या खिशापुरते. गाडीत ठेवते. फाटकावर कुत्रे मला हुंगतात आणि घेतात.

अकरावा डबा तसाच आहे. गेल्या गुरुवारी मी म्हटलं, थिया, मी खरवडते, दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली, हात लावायचा नाही.  खुर्ची जागेवरच आहे. डब्याची उजवी बाजू उघडी झाली आहे. तिथं तेलवाल्याचं निळं जहाज दिसतं, पुढचं टोक आणि एक शीड. मागचा अर्धा भाग चुन्याखाली आहे. चाकू मातीत आहे, त्यांनी खोचला तिथं.